कट्टम राव

पहिल्या भेटीत लोक नाव विचारतात, मग गाव, आणि जमलं तर हळूच आडनावही काढून घेतात. राव सारांनी माझं नाव विचारलं, मी "ज्योत्स्ना" म्हणाले, तर त्यांनी डोळे मिटले, बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं आणि जेवण झाल्यासारख्या तृप्त आवाजात म्हणाले, "तीस बाइट."

मला वाटलं, माणसाला बरं नाहीये.

"दिसायला दोन अक्षरं," त्यांनी समजावलं, "आंत दहा. ठेवायला तीस बाइट. बेष नांव! असलं नांव कुठल्या सॉफ्टवेरला नीट गिळायला येईना. अम्मा, तुझं नांव टेस्टिंगला घेऊलालों. चालेल न?"

मी मान हलवली, कारण नोकरीचा पहिला दिवस होता आणि पहिल्या दिवशी माणूस सगळ्यालाच मान हलवतो. तेव्हापासून आमच्या कंपनीच्या प्रत्येक नव्या प्रणालीत पहिली गिऱ्हाईक मी असते. दवाखान्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ज्योत्स्नाला मधुमेह आहे, लग्नाच्या हॉलच्या बुकिंगमध्ये ज्योत्स्नाचं दर मुहूर्ताला लग्न लागतं. एकदा एका प्रणालीनं माझं नाव मध्येच तोडलं. "ज्योत्" इतकंच राहिलं आणि पुढे काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह. राव सारांनी मला जागेवरून हाक मारून बोलावलं. "पाह, पाह! तुझं नांव फोडट्लं!" घरात पाळणा हलल्याची बातमी लोक ज्या तोंडानं देतात, त्या तोंडानं.

नवऱ्याची बँकेत कुंभकोणमला बदली झाली तेव्हा माझ्या सांगलीच्या मैत्रिणींनी मला "आता मराठी विसरशील गं" म्हणून निरोप दिला होता. प्रत्यक्षात इथं पहिल्याच आठवड्यात मराठी माणूस भेटला. फक्त त्यांची मराठी तीनशे वर्षांपूर्वी घरातून निघाली होती आणि परत काही गेली नव्हती. भोसल्यांच्या वेळी ही मंडळी तंजावर प्रांतात आली, इथं राहिली, शाळेत तमिळ शिकली, बाजारात तमिळ बोलली आणि मराठी स्वयंपाकघरात जपून ठेवली. राव सार तिला जराही कमी समजत नाहीत. माझं बोलणं महिनाभर ऐकून घेतल्यावर त्यांनी निदान केलं, "तुझं मराठी बरं आहे. थोडं हिंदी लागट्लंय." गोवर लागल्यासारखं.

ऑफिसात त्यांना कट्टम राव म्हणतात. कट्टम म्हणजे तमिळमध्ये चौकोन. आता हा चौकोन कुठला, ते सांगायला हवं, म्हणजे त्यासाठी मला आमचा धंदाही सांगायला हवा. भिऊ नका, थोडाच सांगते.

संगणकाला अक्षरं कळत नाहीत, आकडे कळतात. कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर, हे आधी ठरवून घ्यावं लागतं. आता जगानं मिळून एक ठरवलंय, पण पूर्वी आपल्याकडे प्रत्येक फाँटवाल्यानं आपापलं ठरवलं होतं. काही घरांत साखरेच्या डब्यात मीठ असतं आणि मिठाच्या डब्यात साखर. त्या घरच्या बाईचा चहा कधी बिघडत नाही. पाहुणीनं चहा केला की कळतं. आमची कंपनी म्हणजे अशी पाहुणी. दुकानांची, दवाखान्यांची जुनी माहिती उचलायची आणि नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणून ओतायची. ओतताना मिठाची साखर झाली, की पडद्यावर एक तर चौकोनांची रांग दिसते, नाही तर प्रश्नचिन्हांची.

आम्हा सामान्य माणसांना दोन्ही सारखीच. रावांना नाही.

स्वामीमलैच्या एका मूर्तिकाराची वेबसाइट आम्ही करून दिली होती. एके दिवशी तो धापा टाकत ऑफिसात आला. त्याच्या नव्या फोनवर सगळ्या देवांच्या नावांच्या जागी चौकोन आले होते. नटराज चौकोन, पार्वती चौकोन, गणपती तर चार चौकोन. बिचारा घामाघूम झाला होता. त्याला वाटलं, आपल्या हातून काहीतरी पाप घडलं. राव सारांनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि तमिळमध्ये समजूत घातली. मग माझ्याकडे वळून तेच मराठीत म्हणाले, कारण कुठलीही महत्त्वाची गोष्ट दोन भाषांत बोलल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. "कट्टम दिसट्लं की भिऊं नोको. कट्टम म्हणजे अक्षर आंत जिवंत आहे. दाखवायचा फाँट नाहीं, इतकंच. प्रश्नचिन्ह दिसट्लं, तर मात्र गेलं. त्याचं तेरावं कर."

गावात हे नाव पसरलं आणि एक घोटाळा झाला. इकडे जन्मपत्रिकेच्या चौकटीलाही कट्टमच म्हणतात. त्यामुळे अधूनमधून एखादा बाप मुलीची पत्रिका घेऊन "कट्टम पाहणारे राव इथंच का?" म्हणून आमच्या दारात उभा राहतो. राव कुणालाच परत पाठवत नाहीत. पत्रिका घेतात, छापलेली अक्षरं नीट आहेत का ते पाहतात, आणि "काही दोष नाही" असं सांगतात. बाप समाधानानं घरी जातो. दोन लग्नं जमल्याचं माझ्या कानावर आहे.

त्यांच्या तोंडचं दुसरं वाक्य मात्र ऑफिसात धसक्याचं झालेलं आहे. "अंदाज करूं नोको. विचारून घे." एखादी फाइल आली आणि कुणी म्हणालं, "बहुतेक त्या जुन्या फाँटमधली असेल," की राव खुर्चीतून उठलेच. बहुतेक म्हणजे काय? ज्यानं फाइल केली तो माणूस मेला आहे का? नाही ना? मग त्याला फोन कर. त्याला विचार, कुठला फाँट, कुठलं यंत्र, कुठलं साल. अंदाज म्हणजे आळस, असं त्यांचं मत. अंदाजानं अक्षर बदललं तर वाचणाऱ्याला कधी कळतही नाही की काय गेलं.

मी त्यांच्याच घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते. मेलकावेरीला, नदीच्या अलीकडे. त्यामुळे ऑफिसातले राव आणि घरातले राव असे दोन्ही माझ्या वाट्याला आले. खाली राव आणि त्यांची थोरली बहीण, जानकी अक्का. रावांनी लग्न केलं नाही. अक्का यजमान गेल्यावर मुलाला घेऊन भावाकडे आल्या, मुलगा प्रसन्ना इथं वाढला, शिकला, बंगळूरला गेला. मागे राहिली ही दोन माणसं, एक कॉफीचा फिल्टर आणि एक पल्लांगुळी. पल्लांगुळी म्हणजे दोन रांगांत वाटीएवढे खळगे कोरलेला लाकडी पाट. त्यात चिंचोके वाटत जायचे आणि समोरच्याचे जिंकायचे. अक्का या खेळात इतकी लबाडी करायच्या की गल्लीतल्या बायका त्यांच्याशी खेळताना पदर खोचून बसत.

गेल्या वर्षी अक्कांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, आणि बोलणं गेलं. गेलं म्हणजे थांबलं नाही. थांबलं असतं तर बरं, असं मला सुरुवातीला वाटायचं. अक्का बोलतात. सकाळपासून बोलतात. आवाजाचा चढउतार तोच, रागावणं तेच, मध्येच हसणं तेच. फक्त शब्द कुठल्याच भाषेतले नाहीत. "तारी पोंबळ कुट्टन गे, मुरली सामट?" असं त्या मला जिन्यात अडवून विचारतात आणि उत्तराची वाट बघत उभ्या राहतात. मी हसते. हसणं हे उत्तर नाही, हे त्यांच्या तोंडावर लगेच दिसतं.

राव मात्र उत्तर देतात. एवढंच नव्हे, तर ते भाषांतरही करतात.

"अक्का म्हणूलाली, तुझी साडी बेष आहे."

"अक्का म्हणूलाली, वरचं वॉशिंग मशीन सकाळीं लावूं नोको. थरथर होते."

"अक्का म्हणूलाली, ज्योत्स्नाच्या नवऱ्याला सांग, स्कूटर इकडे नोको, तिकडे लाव."

अक्का बोलल्या इनमिन चार शब्द आणि भाषांतर निघालं अर्ध्या पानाचं, असंही होई. शिवाय अक्कांची मतं आणि रावांची मतं यांत कधीच फरक पडत नसे, हे माझ्या चाणाक्ष नजरेनं टिपलं होतं. विमा विकणारा माणूस दारात आला, की अक्का हमखास म्हणायच्या, याला जायला सांग. मी एकदा खोचकपणे विचारलं, "राव सार, अक्का तुमच्याबद्दल काय म्हणतात?" ते गंभीरपणे म्हणाले, "म्हणूलाली, बारीक झालास."

हे कसं जमतं, असं विचारल्यावर त्यांनी मला आमच्या धंद्यातलंच स्पष्टीकरण दिलं. अक्कांच्या डोक्यात सगळं जागच्या जागी आहे. बाहेर येताना कशाला काय म्हणायचं हा करार बदलला, इतकंच. एका शब्दाच्या जागी दुसरा येतो, पण नेमानं येतो. "फुटलेला मजकूरही नेमानं फुटट्लेला असतो, अम्मा. मला तो नेम सांपडट्ला." मला ते पटलं. न पटायला माझ्याकडे तरी काय ज्ञान होतं?

पटवायचं होतं ते प्रसन्नाला. तो दर रविवारी फोन करायचा, आणि गेले काही महिने त्याचं एकच सुरू होतं. बंगळूरला त्याच्या घराजवळ वृद्धांची एक संस्था आहे, चोवीस तास नर्स, स्वच्छ खोल्या. आईला तिकडे ठेवू. मामा, तुझं वय झालंय, तू ऑफिसला जातोस, दिवसभर ती एकटी. आणि खरं सांगायचं तर तिला आता कुठं कळतंय, ती कुठं आहे ते? मेच्या सुट्टीत येतो आणि घेऊन जातो.

फोन स्पीकरवर असायचा, कारण रावांचा लपवाछपवीवर विश्वास नाही. अक्का शेजारी बसून ऐकायच्या. "तिला कुठं कळतंय" हेही त्या ऐकायच्या. त्यांच्या डाव्या हातात ताडाच्या पानाचा पंखा असतो, तो तेवढ्यापुरता थांबायचा.

त्याच दिवसांत ऑफिसात पोंगलच्या शुभेच्छांचं प्रकरण घडलं. साड्यांच्या एका दुकानाची गिऱ्हाइकांची जुनी यादी आम्ही नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणत होतो. चेन्नईचे आमचे वरिष्ठ व्हिडिओवर आले आणि म्हणाले, आता सॉफ्टवेअर आपोआप ओळखतं कुठली अक्षरं आहेत ते, राव सारांची गरज नाही. राव म्हणाले, "ओळखत नाही सार. अंदाज करतं." वरिष्ठ हसले. मोठ्या पगाराची माणसं असंच हसतात, दात न दाखवता. सॉफ्टवेअरनं अंदाज केला की ही युरोपातली कुठलीतरी भाषा आहे, आणि पोंगलच्या सकाळी जिल्ह्यातल्या यच्चयावत बायकांच्या फोनवर टोप्या घातलेल्या इंग्रजी अक्षरांचा चिवडा जाऊन पोचला.

एकही तक्रार आली नाही. उलट कितीतरी जणींनी "तुम्हालाही" म्हणून उत्तर पाठवलं. वरिष्ठांनी पुढच्या मीटिंगमध्ये प्रतिसादाचा उंच वर गेलेला आलेख दाखवला आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. राव सारांनी त्या दिवशी डबा उघडला नाही. मी म्हणाले, जाऊ द्या हो, लोकांना भावना पोचली. ते म्हणाले, "भावना पोंचट्ली, नांव नाहीं पोंचलं."

दुसरं प्रकरण लग्नपत्रिकेचं. ते रावांच्या साक्कोट्टै गावातल्या लांबच्या नातेवाइकांकडचं, आणि ते फक्त याच लोकांत घडू शकतं. या मंडळींना मराठी बोलता येतं, पण देवनागरी वाचता येणारा घरटी एखादाही निघत नाही. तरी पत्रिकेच्या माथ्यावर मराठीतली एक ओळ हवीच, पूर्वजांचा मान म्हणून. छापखान्यातल्या तमिळ माणसानं कुणाकडून तरी जुन्या मराठी फाँटमधली एक फाइल मिळवली. फाँट त्याच्या संगणकात नव्हता. त्यामुळे छापलं गेलं काय, तर उलटी प्रश्नचिन्हं, पौंडाची खूण आणि वर टोप्या असलेले ए. ते त्यानं सोनेरी शाईत, हळदीकुंकवाची बोटं उमटवायला जागा सोडून, छापलं. घरच्यांनी ते पाहिलं, आपली मूळची लिपी अशी दिसते तर, म्हणून डोळ्यांना लावलं, आणि गावभर वाटलं.

रावांनी पत्रिका हातात घेतली आणि ते तसेच उभे राहिले. मग माझ्या टेबलापाशी बसून ते एकेक खूण आकड्यात आणि आकडा अक्षरात करत गेले. शेवटी ओळ निघाली. "येथे देवाचे नाव टाका."

मी हसून हसून टेबलावर डोकं ठेवलं. राव हसले नाहीत. ते लग्नात गेले, मुलीच्या बापाला बाजूला घेतलं आणि सगळं समजावून सांगितलं. बापानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे देवाचं नांव आहे न त्यांत? मग बेष आहे." ती ओळ इतकी शोभिवंत दिसते की त्यानंतर आणखी काही घरांनी आपल्या पत्रिकांवर तीच घेतली आहे. आणखी एका पिढीनंतर लोक तिला परंपरा म्हणतील आणि ती बदलणाऱ्याला धर्मबुडवा.

मे उजाडला आणि प्रसन्ना आला. मुलगा वाईट नाही, हे मला आधीच सांगितलं पाहिजे. आईसाठी मऊ उशी, गुडघ्याचे पट्टे, पाच तऱ्हेची बिस्किटं घेऊन आला होता. तिच्या पायाशी बसला. ती भरभरून बोलली आणि तो "होय अम्मा, होय अम्मा" म्हणत राहिला, आणि त्याच्या तोंडावर तेच हसू होतं जे माझ्या तोंडावर जिन्यात असतं. पंखा थांबला.

दुसऱ्या दिवशी त्यानं टॅब्लेट काढला. संस्थेत दाखल करण्याआधी त्यावर एक चाचणी घ्यायची असते म्हणे, म्हणजे माणसाला किती समजतं ते कळतं आणि त्याप्रमाणे खोली मिळते. मी कढीपत्ता मागायला खाली गेले होते ती तिथेच राहिले. कढीपत्ता माझ्या घरी होता.

टॅब्लेटनं आधी भाषा विचारली. त्यात आपली मराठी होती, पण ती पुण्याची. प्रसन्नानं तमिळ निवडलं. पडद्यावर गाय आली. गोड आवाजात प्रश्न आला, हे काय आहे? अक्कांनी गायीकडे पाहिलं, डोळे बारीक केले आणि सविस्तर उत्तर दिलं. टॅब्लेट म्हणाला, उत्तर समजलं नाही. मग घर आलं, छत्री आली, घड्याळ आलं. अक्का प्रत्येकाबद्दल बोलल्या. घड्याळाबद्दल तर रागावून बोलल्या. टॅब्लेट दर वेळी त्याच गोड आवाजात म्हणे, उत्तर समजलं नाही. शेवटी पडद्यावर मोठं शून्य आलं आणि खाली, कृपया पुन्हा प्रयत्न करा.

राव भिंतीला टेकून उभे होते. मी त्यांना आवाज चढवून बोलताना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"समजट्लं नाहीं ते कोणाला? त्या डब्याला! आणि शून्य कोणाला? तिला?"

"मामा, ही तपासायची पद्धत आहे..."

"दाखवायला येईना तर आंत कांहीं नाहीं म्हणायचं? हे तुला मी शिकवट्लों?"

"मामा, तिला काही कळत नाही!" प्रसन्नाही ओरडला, आणि ओरडता ओरडता त्याचा आवाज फुटला. "तू भाषांतर करतोस ते तूच बोलतोस. मला माहीत आहे. मला लहानपणापासून तुझी वाक्यं ओळखू येतात. ती माझ्याशी बोलत नाही रे मामा, ती गेली!"

  राव आत गेले. मला वाटलं, हरले. पण ते बाहेर आले ते पल्लांगुळीचा पाट घेऊन. झटक्यानंतर तो माळ्यावर गेला होता, त्याच्यावर धूळ होती. त्यांनी तो आपल्या धोतरानं पुसला, मायलेकांच्या मध्ये ठेवला आणि खळग्यांत चिंचोके भरले.

"खेळ," ते भाच्याला म्हणाले. "अंदाज करूं नोको. विचारून घे."

 प्रसन्नानं एका खळग्यातले चिंचोके उचलले आणि वाटत गेला. अक्का बघत होत्या. त्यांनी पंखा मांडीवर ठेवला, डावा हात पुढे केला, आणि सुरू झाल्या. पहिली काही मिनिटं हात चुकत होता, चिंचोके खळग्याबाहेर पडत होते. त्यांनी ते उचलू दिले नाहीत, स्वतः उचलले. मग हात बसला. त्या भराभर वाटत, थांबत, पुढचा खळगा रिकामा करत. प्रसन्ना हरत चालला. आधी मुद्दाम हरत होता, नंतर मुद्दाम नाही, हे त्याच्या पुढे आलेल्या मानेवरून मला कळलं.

आणि मग अक्कांनी त्याच्याकडे बघत, अगदी निरागस चेहऱ्यानं, वाटता वाटता दोन चिंचोके तळहातात दाबून ठेवले.

"अम्मा!" प्रसन्ना किंचाळला. "हातांत काय आहे? दाखव! लहानपणापासून तूं हेंच करतेस!"

अक्कांनी मूठ मागे नेली. तो उघडायला गेला तशी त्यांनी त्याच हातानं, चिंचोके न सोडता, मांडीवरचा पंखा उचलून फाडकन त्याच्या मनगटावर मारला आणि काहीतरी बोलल्या. काय बोलल्या ते कुणालाच कळलं नाही आणि सगळ्यांना कळलं. प्रसन्ना मनगट चोळत हसायला लागला. हसता हसता त्यानं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि मोठ्यानं रडला. अक्कांनी मूठ तेवढी उघडली नाही. मूठ मिटलेलीच ठेवून त्या मनगटानं त्याचे केस सारखे करत राहिल्या.

तो एकटाच परत गेला. जाताना उशी ठेवून गेला आणि टॅब्लेट घेऊन गेला. दिवसभरासाठी एक बाई लावून द्यायचं आणि महिन्यातून एकदा स्वतः यायचं, असं ठरलं. रविवारचे फोन चालू आहेत. आता तो मामाला कमी आणि आईला जास्त फोन करतो, आणि "होय अम्मा" म्हणत नाही, भांडतो.

तो गेला त्या संध्याकाळी मी खाली गेले. राव ओसरीवर बसले होते. आत अक्का झोपाळ्यावर काहीतरी पुटपुटत होत्या. मी अगदी मनापासून म्हणाले, "राव सार, तुम्हीच खरे. तुम्ही पहिल्यापासून सांगत होतात, तुम्हाला त्यांचा नेम सापडलाय म्हणून."

 समोरच्या घराची बाई रांगोळी पुसून अंगण झाडत होती, राव तिच्याकडे बघत राहिले.

"सांपडला नाहीं," ते म्हणाले.

"काय?"

"नेम. नेमच नाहीं त्याला. आज एक शब्द, उद्यां त्याच्याच जागीं दुसरा. वर्षभर हुडकूलालों. एक अक्षर कळेना, अम्मा."

 वर्षभराची ती सगळी भाषांतरं माझ्या डोक्यातून गेली. साडी, वॉशिंग मशीन, बारीक झालास. मी विचारलं, "मग तुम्ही रोज त्यांच्याशी बोलता ते?"

"अंदाज करूलालों."

हा शब्द मी त्यांच्या तोंडून स्वतःबद्दल कधी ऐकला नव्हता. ऑफिसात या शब्दापायी त्यांनी किती जणांना उभं केलं होतं.

"पहिल्यांदा विचारट्लों," ते म्हणाले. "काय म्हणूलालीस अक्का, परत सांग, म्हणून विचारायचों. परत सांगायची. मी परत विचारायचों. मग रडायची. मला कळेना हें तिला कळायचं न." त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. "म्हणून विचारायचं सोडट्लं. ती बोलली कीं आपलं होय म्हणायचं, आणि कांहीं तरी सांगायचं. तिला वाटलं पाहिजे, पोंचट्लं. घरांत आमच्या भाषेंत बोलणारं दुसरं आहे कोण मला?"

मला भडभडून आलं, ते मी लपवलं नाही. त्यांनी ते पाहिलं आणि नेहमीप्रमाणे पंचाईत झाल्यासारखे इकडेतिकडे बघायला लागले.

तेवढ्यात आतून अक्कांनी हाक मारली. लांबलचक, पाच-सहा शब्दांची, शेवटी वर गेलेली. प्रश्न होता, इतकं कळत होतं. राव लगबगीनं उठले.

"आलों अक्का. कॉफी? कॉफी करूं?"

फाडकन पंख्याचा आवाज आला.

"कॉफी नोको," आतून रावांचा आवाज आला. "बरं, बरं. शाल?"

मी कान देऊन उभी राहिले. पंखा वाजला नाही. मग कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि अक्का पुन्हा बोलायला लागल्या, आणि मध्येमध्ये रावांचा "होय, होय, खरंच गे," ऐकू येत राहिला.